उगमकथा देवापासून नको, खुणेपासून सुरू करा

प्रश्न थोडक्यात असा आहे: ग्रीक-रोमन पुराणकथांच्या वळणाची, पण स्वतःची अशी उगमकथा लिहायची आहे. वटवाघूळ उलटं का लटकतं यावर एक लिहूनही झाली. वटवाघळाने देवांचा राजा झ्यूस याच्यापुढे मान झुकवली नाही, झ्यूस संतापला आणि ‘आता कायमचा उलटा लटक’ असा शाप दिला. वाचणाऱ्यांनी ‘कुठेतरी वाचल्यासारखी वाटते’ एवढंच म्हटलं. मग नवेपणा आणायचा कसा, नावं ग्रीक घ्यायची की रोमन, मूळ कथांत किती ढवळाढवळ चालते, आणि कॉपीराइटचं काय?

मी कथालेखनाच्या कार्यशाळा घेते आणि मुलांच्या मासिकांकडे आलेल्या कथा निवडायचं कामही करते. त्यात उगमकथा भरपूर असतात आणि बहुतेक तुमच्या वटवाघळाच्याच जातीच्या: कुणीतरी उर्मट, कुठलातरी देव शीघ्रकोपी, एक शाप, आणि मग ‘तेव्हापासून’. यात झ्यूसचा काही दोष नाही. गोष्ट झ्यूसपासून सुरू झाली, तिथे गाडी रुळावरून घसरली. उर्मटपणाची शिक्षा म्हणून उलटं टांगायचं असेल तर वटवाघळाच्या जागी सुगरणीचं घरटं घाला, नाहीतर कोळी घाला, कथेला काहीच फरक पडत नाही. जी कथा दुसऱ्या कुणालाही तशीच्या तशी बसते, ती वटवाघळाची उगमकथा कशी म्हणायची?

रोमन कवी ओव्हिड हे काम कसं करतो ते बघा. त्याचं ‘मेटामॉर्फोसीझ’ हे पंधरा खंडांचं काव्य इसवी सन 8च्या सुमाराचं, आणि रूपांतराच्या कथांची आजही ती सगळ्यात मोठी खाण आहे. आठव्या खंडात तितर पक्ष्याची एक छोटी कथा आहे. डीडलस हा मोठा कारागीर. त्याची बहीण आपला बारा वर्षांचा मुलगा त्याच्याकडे शिकायला ठेवते. मुलगा माशाचा काटा बघतो आणि तसेच दाते लोखंडाच्या पात्याला पाडून करवत बनवतो. दोन लोखंडी पाय एका टोकाला जोडून वर्तुळ काढायचं कंपासही त्याचंच. मामाच्या पोटात दुखायला लागतं आणि तो भाच्याला मिनर्व्हा देवीच्या गडावरून खाली ढकलतो. देवी त्याला हवेतच झेलते, अंगावर पिसं चढवते, पक्षी करते. म्हणून तितर उंच उडत नाही, झाडावर घरटं करत नाही, जमिनीलगत फडफडतो, कुंपणाच्या कडेला अंडी घालतो. त्याला तो जुना पडण्याचा प्रसंग आठवतो आणि उंचीची भीती वाटते.

यात ओव्हिडने सुरुवात कुठून केली असेल? माझा तर्क असा की तितराकडे बघून. पंख असलेला पक्षी जमिनीला का चिकटून राहतो, ही विसंगती, म्हणजे त्याची खूण, आधी, मुलगा नंतर, मामा त्याहून नंतर आणि देवी सगळ्यांत शेवटी. देवी इथे शिक्षा करायला आलेली नाही, वाचवायला आली आहे, आणि तरी भीती शिल्लक राहते. शरीर बदललं तरी माणसातलं काहीतरी बदलत नाही, ही या सगळ्या कथांची मेख आहे. लायकेऑन राजाचा लांडगा होतो तेव्हा केस तेच करडे, चेहऱ्यावरचा क्रूरपणा तोच, डोळ्यांतली चमक तीच. आयो नावाच्या मुलीची गाय होते, बोलायला गेली की हंबरते, मग ती खुराने धुळीत आपलं नाव लिहून बापाला ओळख पटवते. ‘काय बदललं’ याची यादी कुणीही करतं. काय उरलं ते एका वाक्यात सांगता आलं की कथा हातात आली असं समजा.

आता तुमचं वटवाघूळ. ते ओव्हिडने आधीच घेतलं आहे, चौथ्या खंडात. बिओशियातल्या मिनियास राजाच्या तीन मुली मद्याचा देव बॅकस याचा उत्सव मानत नाहीत. सगळं गाव नाचायला रानात गेलेलं असताना त्या घरात मागावर बसून विणतात आणि एकमेकींना गोष्टी सांगतात. संध्याकाळ होते, विणलेल्या धाग्यांना द्राक्षवेलीची पानं फुटतात, घर हलतं, दिवे पेटल्यासारखे दिसतात. त्या उजेड टाळत धुराच्या कोपऱ्यांत लपतात, हातापायांवर पातळ पडदा चढतो, आणि बोलायला जातात तर इवलासा चिरका आवाज निघतो. म्हणून वटवाघळं रानाऐवजी घराच्या आडोशाला राहतात आणि अंधार पडल्यावर बाहेर पडतात.

यात आवाज आला, उजेडाचा तिटकारा आला, घराची ओढ आली, पण उलटं लटकणं आलं नाही. तुमची जागा नेमकी तिथे आहे! फक्त आधी लटकण्याकडे नीट बघायला हवं. वटवाघळाच्या पायांची रचना अशी असते की शरीराच्या वजनानेच नख्या आवळल्या जातात. लटकून राहायला त्याला जवळजवळ काहीच कष्ट पडत नाहीत. स्नायूंना काम पडतं ते सोडताना. इथे कथेला पाय फुटतात. धरून ठेवणं सोपं आणि सोडणं कठीण, असं कोण असतं? मिनियासच्या घरातच एक चौथी बाई कल्पा, बहिणींचा माग सांभाळणारी दासी, जिला निघून जायची मुभा होती आणि जी गेली नाही. झ्यूस लागणारच नाही कदाचित. बॅकसही उंबऱ्याबाहेरच राहील.

प्राणी आणि झाडं ही अर्धीच बाजू झाली. ग्रीकांना आणि त्याहून जास्त रोमनांना वेड होतं ते रीतीभातींच्या उगमाचं, आणि नवं लिहिणाऱ्याला तिथे खूप मोकळं रान आहे, कारण फारसं कुणी फिरकत नाही. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात कॅलिमाकस नावाचा कवी होऊन गेला. त्याने ‘एइतिआ’, म्हणजे ‘कारणं’, या नावाचं चार भागांचं काव्य लिहिलं. आज त्याचे तुकडेच उरलेत. त्यातला एक प्रश्न असा: पॅरोस बेटावर ग्रेसेस या देवींना बळी देताना बासरी वाजवत नाहीत आणि डोक्यावर फुलांचं कडं घालत नाहीत, असं का? एरवी ग्रीक पूजेत ही दोन्ही हवीतच. उत्तर असं, की क्रीटचा राजा मिनॉस त्या बेटावर पूजेला उभा असताना त्याचा मुलगा अथेन्समध्ये मारला गेल्याची बातमी आली. त्याने डोक्यावरचं कडं काढलं, बासरीवाल्याला थांबवलं, आणि पूजा मात्र पुरी केली.

यात शाप नाही, रूपांतर नाही, देवी एक अक्षर बोलत नाहीत. एका बापाने एका क्षणी जे केलं ते पुढच्या सगळ्यांनी करत राहायचं, एवढंच. पूजा अर्धवट टाकली असती तर तो नुसता दुःखी बाप झाला असता. बासरी चालू ठेवली असती तर दगड. दोन्हींच्या मधलं जे केलं त्याची रीत झाली. मला विचाराल तर संपूर्ण ग्रीक साहित्यातली ही सगळ्यात नेटकी उगमकथा आहे, आणि कार्यशाळेत मी पहिली हीच सांगते.

मराठी लेखकाचा पाय जिथे हमखास अडकतो ती गोष्ट आता. आपल्या कानात पुराणं आणि स्थळमाहात्म्यं लहानपणापासून बसलेली असतात, त्यामुळे शाप आला की उःशाप आपोआप येतो. चंद्र गणपतीला हसला, गणपतीने शाप दिला, चंद्र गयावया करू लागला, मग तोच शाप भाद्रपदातल्या चतुर्थीपुरता राहिला. ज्याने दिला त्यानेच सैल केला. ग्रीक कथेत असं क्वचित घडतं, आणि दुसऱ्या देवाने येऊन सोडवणं तर नियमातच बसत नाही. एका देवाने केलेलं दुसऱ्याने पुसायचं नाही, हे ओव्हिड स्पष्ट सांगतो. जूनो देवी टायरीशियस नावाच्या माणसाला आंधळं करते तेव्हा ज्युपिटर, म्हणजे रोमनांचा झ्यूस, त्याची दृष्टी परत देऊ शकत नाही. मग तो त्याला भविष्य दिसण्याचं वरदान देतो. युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’ नाटकात, ते इसवी सनपूर्व 428चं, प्रेमाची देवी अफ्रोडाइटी हिच्या रागाने आर्टेमिस देवीचा लाडका भक्त हिपोलिटस मरतोय आणि आर्टेमिस शेजारी उभी आहे. तीही तेच सांगते: आमच्यात दुसऱ्याच्या इच्छेच्या आड यायची पद्धत नाही. ती त्याला जगवत नाही. ट्रीझेन गावच्या मुली लग्नाआधी आपले केस कापून तुला वाहतील, असं वचन देते आणि निघून जाते. तिथे ती रीत पडली.

म्हणजे नुकसान भरून येत नाही, त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी ठेवलं जातं. तुमच्या कथेत शेवटी कुणी सुटत असेल, क्षमा होत असेल, तर नावं कितीही ग्रीक घ्या, वळण आपल्या पुराणांचंच राहणार. त्यात वाईट काही नाही. फक्त तुम्हाला हवं होतं ते हे नव्हे. तपश्चर्या करून देवाला प्रसन्न करून घेण्याचंही तेच. आणि निंफ म्हणजे इंद्रसभेतली अप्सरा नव्हे. ती एका झऱ्याची, एका झाडाची असते. झाड तोडलं की संपली.

नुसतं सांगून भागत नाही, म्हणून एक करून दाखवते. ऑलिव्हचं झाड घेऊ. त्याची खूण काय? ते एक वर्ष लगडतं आणि दुसऱ्या वर्षी जेमतेम फळतं. आपल्याकडे हापूसचंही असंच असतं, बागाईतदारांना सांगायला नको. ऑलिव्हचा मोहोर आदल्या वर्षी फुटलेल्या फांदीवर येतो, आणि ज्या वर्षी झाड फळांनी भरलेलं असतं त्या वर्षी नवी फूट कमी येते, असं त्यामागचं साधारण गणित. रोमन लेखक व्हॅरोने इसवी सनपूर्व 37मध्ये शेतीवर पुस्तक लिहिलं, त्यात तो आणखी एक कारण देतो: काठीने झोडपून फळं पाडली की फळाबरोबर कोवळी डहाळीही तुटते, म्हणून हात पोचेल तिथवर हातानेच तोडावं.

आता याला जोडायला जुनी कथा हवी. योगायोग म्हणजे ती व्हॅरोचीच आहे, संत ऑगस्टिनने आपल्या ग्रंथात उतरवून ठेवलेली. ऑलिव्हचं झाड अथीना देवीचं. अथेन्सला नाव तिचं द्यायचं की समुद्रदेव पोसायडनचं, यावर मतदान झालं. तेव्हा बायकांनाही मत होतं. पुरुष सगळे पोसायडनकडे, बायका सगळ्या अथीनेकडे, आणि बायका एकाने जास्त. पोसायडनने रागाने समुद्र आत घातला. त्याला शांत करायला पुरुषांनी बायकांना तीन शिक्षा केल्या: पुढे मत नाही, मुलांना आईचं नाव नाही, आणि त्यांना अथेन्सच्या नागरिक म्हणायचं नाही. आता ती एक जास्तीची बाई कोण होती? व्हॅरो सांगत नाही. मी तिला मिर्तो म्हणते.

‘पहिलं पीक तोडायला बायका पुढे झाल्या. फांदी खाली ओढायची, एकेक फळ सोडवायचं, फांदी अलगद वर जाऊ द्यायची. मिर्तोची टोपली अर्धी भरली तेव्हा पुरुष सभेहून आले. पोटऱ्यांवर पुराचा चिखल अजून ओला होता. एकाने ठरलेलं सगळं वाचल्यासारखं सांगून टाकलं: मत नाही, नाव नाही, गाव नाही. मग त्यांनी काठ्या उचलल्या, कारण दिवस कलला होता आणि हाताने तोडायला वेळ लागतो. फळांबरोबर पोपटी शेंडे पडले. मिर्तोने वाकून एक उचलला.

“हा पुढच्या वर्षीचा होता,” ती म्हणाली.

पुढच्या वर्षी झाडाला मोहोर आला नाही. पुरुष अथीनेच्या पायाशी गेले. “समुद्राने घेतलेलं मला परत देता येत नाही,” ती म्हणाली. “झाड तेवढं माझं आहे. तुम्ही ज्यांना गप्प केलंत त्यांच्यासाठी ते वर्षाआड गप्प बसेल.”’

एवढंच. लांबी वाढवायची असेल तर मतदानाचा दिवस वाढवा, शेवट नको. मिर्तोचा एकच संवाद आहे आणि तो शेतकऱ्याच्या भाषेत खरा आहे, तो शेंडा खरोखरच पुढच्या वर्षीचा असतो. झाडाचं शास्त्र कथेच्या विरोधात गेलं तर जाणकार वाचक हसतो. ते कथेच्या पोटात बसलं तर त्याला पत्ताही लागत नाही. अथीना शिक्षा मागे घेत नाही, बाजूला काहीतरी ठेवते. तिचं शेवटचं वाक्य मला जरा जास्तच बोलकं वाटतं. मुलांसाठी ठेवीन, मोठ्यांसाठी ‘झाड तेवढं माझं आहे’ इथेच थांबेन. आणि मिर्तोला झाड करायचा मोह टाळलाय. ओव्हिडच्या चौदाव्या खंडात एक उद्धट मेंढपाळ रानऑलिव्ह होतो आणि त्याच्या जिभेचा कडूपणा फळात उतरतो. त्याच झाडावर दुसरं माणूस चढवायला नको.

ग्रीक नावं की रोमन, हा प्रश्न दिसतो तितका वरवरचा नाही. ग्रीक झ्यूस आणि रोमन मिनर्व्हा (ग्रीकांची अथीना) अशी सरमिसळ करू नका, हे तर झालंच. पण ग्रीकांचा युद्धदेव एरीस खोडून रोमनांचा मार्स लिहिलं की कथा रोमन झाली, असंही होत नाही. ग्रीकांच्या लेखी एरीस हा रक्ताला चटावलेला, देवांनाही नकोसा. रोमनांचा मार्स हा रोम वसवणाऱ्या रोम्युलसचा बाप, आणि केटो या रोमन लेखकाच्या शेतीच्या पुस्तकात शेताचं रोगराईपासून रक्षण कर म्हणून त्यालाच विनवलं आहे. रोमन कल्पनेला मोठ्या देवांपेक्षा बारीक कामांचे देव जास्त प्रिय. दाराचा एक, उंबऱ्याचा एक, बिजागरीची एक, गव्हावरच्या तांबेऱ्याचा रोबिगस नावाचा एक. त्याचा सण 25 एप्रिलला. ऑगस्टिनने याची टिंगल केली होती, की माणूस एका दाराला एकच राखणदार ठेवतो आणि यांना तीन देव लागतात. टिंगल बाजूला ठेवा. ज्यांच्याबद्दल नावापलीकडे जवळजवळ काहीच शिल्लक नाही असे देव म्हणजे लिहिणाऱ्याला आयती मिळालेली कोरी पानं. बिजागरी का कुरकुरते, यावर मी तरी अजून एकही उगमकथा वाचलेली नाही.

आणि रोमनांना एका गोष्टीची तीन कारणं असलेली चालतात. रोमच्या फोरममध्ये, म्हणजे मुख्य चौकात, लेकस कर्टियस नावाची जागा आहे, एकेकाळचं डबकं. एक म्हणतो शेजारच्या सॅबाइन लोकांचा सरदार मेटियस कर्टियसचा घोडा तिथे रुतला. दुसरा म्हणतो जमीन दुभंगली तेव्हा मार्कस कर्टियस शस्त्रांसकट घोड्यावरून आत उडी घेऊन गेला. तिसरा म्हणतो तिथे वीज पडली आणि कर्टियस नावाच्या कॉन्सलने, म्हणजे रोमच्या प्रमुख अधिकाऱ्याने, कुंपण घातलं. व्हॅरो तिन्ही देतो. ओव्हिडही आपल्या सणांच्या काव्यात असंच करतो. धान्याची देवी सीरीझ हिच्या सणात कोल्ह्यांच्या पाठीला पेटत्या मशाली बांधून का सोडत, तर कार्सिओली गावच्या एका बारा वर्षांच्या मुलाने कोंबड्या पळवणारा कोल्हा पकडला, त्याला पेंढ्यात गुंडाळून आग लावली, आणि तो पळाला तो थेट उभ्या पिकातून. ही गोष्ट त्याला एका ओळखीच्या म्हाताऱ्याने सांगितली, असं तो म्हणतो. ही सोय तुम्हीही घ्या. सांगणारा कुणीतरी ठेवला की कथेवर छातीठोक खरेपणाचं ओझं राहत नाही, आणि दुसरा कुणी ‘तसं नव्हतं ते’ म्हणाला तर रंगत वाढते.

मूळ कथा किती बदलावी? हवी तितकी, फक्त आपण कुठल्या थरावर हात ठेवलाय ते माहीत असावं. मेड्युसा सुंदर मुलगी होती, तिच्यावर मिनर्व्हाच्या देवळात अत्याचार झाला आणि देवीने तिचेच केस साप केले, ही ओव्हिडची मांडणी. त्याच्या सातेकशे वर्षं आधीच्या ग्रीक कवी हेसिअडकडे ती जन्मतःच गॉर्गन, म्हणजे राक्षसी, आहे, तीन बहिणींतली एकटी मर्त्य. दोन्ही जुन्या, दोन्ही घ्यायला मोकळ्या. मात्र गेल्या काही वर्षांतल्या कादंबऱ्या, सिनेमे आणि गेम्स यांनी घातलेली भर लोक ‘मूळ पुराणातलीच’ समजून उचलतात. ती भर कुणाची तरी असते. एखादा तपशील नेटवर दहा ठिकाणी दिसला, पण हेसिअड, होमर, ओव्हिड, अपोलोडोरस, पॉसेनियस यांच्यापैकी कुणाकडेच सापडला नाही, तर हात आवरा.

कॉपीराइटचं त्यामुळे असं: या प्राचीन ग्रंथांवर कुणाचाही हक्क नाही, कथा बिनधास्त वापरा. तुम्ही वाचता तो इंग्रजी किंवा मराठी अनुवाद मात्र अनुवादकाचा असतो. भारतात लेखकाच्या, म्हणजे इथे अनुवादकाच्या, मृत्यूनंतर 60 वर्षं तो हक्क टिकतो. म्हणून प्रसंग घ्या, वाक्यं घेऊ नका. उपमा अडली तर शंभर वर्षांपूर्वीचा एखादा अनुवाद आणि आजचा एक असे दोन शेजारी ठेवून बघा. दोन्हीत असेल ती बहुधा ओव्हिडची, एकातच असेल ती बहुधा अनुवादकाची.